सरपणासाठीं यांत्रिक करवत

पुण्याहून पौडाकडे जाणाऱ्या रस्त्यानें भूगांव, भुकूम आणि पिरंगुट हीं गांवें मागें पडलीं म्हणजे कासार आंबोली येतें. मुळशी तालुक्यांतील हें गांव शहरापासून वीस-पंचवीस किलोमीटरांवर आहे. मूळचा हा टापू भातखाचरांचा आणि माळरानाचा. परंतु गेल्या कांहीं दशकांत पुण्यांतील अनेक सुशिक्षित कुटुंबांनीं या बाजूस जागा घेऊन घरें बांधलीं आहेत. आठवड्याचे पांच दिवस शहरांत आणि दोन दिवस येथें, असा त्यांचा क्रम असतो. स्वयंपाकघरांत गॅसची शेगडी असतेच. तरीपण मागल्या अंगणांत तांब्याचा बंब असतो, एखादी मातीची चूल असते, आणि पौषांतल्या थंडीच्या रात्रीं शेकोटीही पेटते. या सर्वांना सरपण लागतें. कुंपणाच्या कडेचें गिरिपुष्प दरवर्षीं छाटावें लागतें, सुबाभूळ भराभर वाढते, वळवाच्या वादळांत एखादी मोठी फांदी कोसळते. लाकूड आवारांतच पडलेलें असतें. तें कापावयाचें कशानें, एवढाच प्रश्न उरतो. अशा वेळीं घरांत यांत्रिक करवतीची गोष्ट निघते.

यांत्रिक करवत म्हणजे बाजारांत जिला चेन-सॉ म्हणतात ती. दुकानांत गेलें कीं एंजिन किती सीसीचें, पट्टी किती इंचांची आणि किंमत किती, या तीन आंकड्यांवर बोलणें सुरू होतें. आंकडा जितका मोठा तितकें यंत्र चांगलें, अशी एक समजूत असते. ५८ सीसीचें एंजिन आणि २२ इंचांची पट्टी असलेलें यंत्र पुष्कळदां नामांकित बनावटीच्या लहान यंत्रापेक्षां स्वस्त मिळतें. त्यामुळें मोह आणखी वाढतो. परंतु निवडीची सुरुवात दुकानांत नव्हे, आवारांत व्हावयास हवी. लाकूड किती कापावयाचें आहे, तें कापण्याची मोकळीक आहे काय, आणि यंत्र कोणाच्या हातांत जाणार आहे, हे तीन प्रश्न आधीं सुटले तर पुढची निवड फारशी अवघड राहत नाहीं.

पहिला प्रश्न गणिताचा आहे. चार माणसांच्या स्नानासाठीं ऐंशी लिटर पाणी वीस अंशांपासून पंचेचाळीस अंशांपर्यंत तापवावयाचें, तर दोन हजार किलोकॅलरी उष्णता लागते. नीट वाळलेल्या एक किलो लाकडांतून सुमारें साडेतीन हजार किलोकॅलरी मिळतात. बंबाच्या धुराड्यांतून बरीच उष्णता निघून जाते. चौथा हिस्सा पाण्यापर्यंत पोंचला असें धरलें, तर एका दिवसाच्या स्नानास सव्वादोन ते अडीच किलो लाकूड पुरतें. आठवड्याचे दोन दिवस म्हणजे वर्षाचे सुमारें शंभर दिवस. म्हणजे साऱ्या वर्षाला अडीचशे किलो. सहा इंच जाडीचा, बाभळीसारख्या जड लाकडाचा ओंडका दर मीटरला अदमासें चौदा किलो भरतो. अडीचशे किलोंसाठीं असे अठरा मीटर लांबीचे ओंडके लागतील, आणि बंबांत बसतील असे चौदा इंचांचे तुकडे करावयाचे तर सुमारें पन्नास काप घ्यावे लागतील. लाकूड हलकें असलें तर काप कांहींसे वाढतील. चूल आणि शेकोटी धरली तर आंकडा दुप्पट होईल. तरीही वर्षाला शंभर काप, याहून मोठी गरज अशा घराची सहसा नसते.

शंभर काप हें काम किती मोठें आहे? चांगली, धारदार कमान-करवत चार-पांच इंचांचा ओला ओंडका एक-दोन मिनिटांत कापते. लांकूड जाड किंवा टणक असेल तर वेळ वाढतो. म्हणजे सारे काप हातानें घेतले तरी दोन-तीन सकाळींचें काम. कमान-करवतीला पेट्रोल लागत नाहीं, वीज लागत नाहीं, पावसाळाभर ती भिंतीला टांगून ठेवतां येते, आणि तिचें पातें बोथट झालें तर थोड्या पैशांत दुसरें बसवितां येतें. घरांत अंगमेहनतीची हौस असलेलें कोणी असेल, तर पहिली खरेदी हीच असावी. अनेक घरांना दुसऱ्या खरेदीची गरजही पडणार नाहीं. पडलीच, तर ती कोठें पडते हें एका वर्षाच्या अनुभवानें कळलेलें असतें.

येथें आणखी एक गोष्ट लक्षांत घ्यावी. कापण्याचा त्रास आणि जळण्याचा गुण या दोहोंचा संबंध लाकडांतल्या पाण्याशीं आहे. ताज्या तोडलेल्या लाकडाच्या वजनांत पुष्कळदां निम्में पाणी असतें. तसेंच तें जाळलें तर बरीच उष्णता तें पाणी वाफ करून घालविण्यांत खर्च होते, किलोमागें दोन हजार किलोकॅलरीही धड हातीं लागत नाहींत, आणि धूर मात्र डोळ्यांत जातो. उलट कापावयास ओलें लाकूड सोपें. वाळलेली बाभूळ करवतीचे दांते लवकर झिजविते. म्हणून लाकूड ओलें असतांना कापावें, लगेच कुऱ्हाडीनें फोडावें, आणि फोडलेलें वाळवावें. मुळशीच्या पावसाचा विचार करतां हें काम कार्तिकापासून माघापर्यंत उरकून घ्यावें. जमिनीपासून चार बोटें उंच रचलेली, वर पत्रा आणि बाजू मोकळ्या अशी रास उन्हाळाभर वारा खाते, आणि ज्येष्ठांत पाऊस येतो तेव्हां सरपण तयार असतें. ज्या घरांत हा क्रम पाळला जातो त्या घरांत वर्षाला लागणारें लाकूडच कमी होतें. आणि लाकूड कमी झालें कीं करवतही लहान पुरते.

दुसरा प्रश्न मोकळिकीचा. जमीन स्वतःच्या मालकीची असली म्हणजे तिच्यावरचें प्रत्येक झाड मन मानेल तेव्हां तोडतां येतें, ही समजूत चुकीची आहे. झाडें तोडण्याचें नियमन करणारा महाराष्ट्राचा १९६४ चा कायदा खाजगी जमिनीलाही लागू आहे. त्याच्या अनुसूचींत साग, हिरडा, मोह, चिंच, आंबा, फणस, जांभूळ, ऐन, किंजळ, खैर, चंदन अशीं झाडें येतात. यांतील कोणतेंही झाड तोडण्यापूर्वीं परवानगी घ्यावी लागते. मुळशींतल्या आवारांत आंबा, जांभूळ आणि ऐन सहज आढळतात, म्हणून ही यादी केवळ कागदावरची नव्हे. पुणें शहरांतील झाडांना १९७५ चा निराळा कायदा आहे, आणि कांहीं जातींचें लाकूड गाडींतून नेण्यासही वनखात्याचा परवाना लागतो. झाड वाऱ्यानें पडलेलें किंवा उभें वाळलेलें असलें तरीही आधीं विचारून घेणें बरें. गिरिपुष्प आणि सुबाभूळ मात्र त्या अनुसूचींत नाहींत; सरपणाची खरी भिस्त त्यांच्यावरच ठेवावी.

कायद्यापलीकडचा एक धडा या मुलखांतल्या जुन्या शेतीनेंच घालून दिलेला आहे. मुळशी-मावळांतील शेतकरी भाताच्या रोपांसाठीं राब भाजतात. पाला, टहाळ, गवत आणि शेण जमिनीवर पसरून तें पेटवितात, आणि त्या भाजलेल्या वाफ्यांत बीं टाकतात. हा टहाळ काढतांना जाणता माणूस कोयत्यानें फांद्या उतरवितो, परंतु शेंडा आणि खोड राखतो. कारण पुढल्या वर्षींही त्याच झाडाकडे यावयाचें असतें. गिरिपुष्पाचेंही तसेंच आहे. छातीइतक्या उंचीवर तें छाटलें तर पुन्हां फुटतें, आणि दोन-तीन वर्षांत मनगटाएवढ्या फांद्या देतें. मनगटाएवढ्या फांदीला २२ इंचांची करवत कशाला हवी? मोठें यंत्र घरांत आलें कीं मोठें झाड डोळ्यांत भरूं लागतें, आणि जें काम छाटणीनें भागलें असतें तें बुंध्यापर्यंत जातें, हा मोठ्या यंत्राचा एक न दिसणारा तोटा आहे.

इतकें पाहूनही कांहीं घरांना यंत्राची गरज राहते. कोणाची जागा दोन-तीन एकरांची असते, कोणाकडे वादळांत निलगिरीची रांगच आडवी होते, कोणाचें वय हातकरवत ओढण्याचें राहिलेलें नसतें. त्यांच्यासाठीं हें यंत्र चालतें कसें तें थोडक्यांत सांगणें अवश्य आहे. जर्मनींत आंद्रेआस श्टील यानें १९२६ सालीं विजेवर चालणारी साखळी-करवत तयार केली. ती उचलावयास दोन माणसें लागत. पुढें पेट्रोलवरच्या करवती आल्या, परंतु त्यांच्या साखळीचे दांते हातकरवतीसारखेच टोंकदार असत आणि लवकर बोथट होत. अमेरिकेंतील ऑरेगॉन प्रांतांत जोसेफ कॉक्स नांवाचा लाकूडतोड्या होता. १९४६ सालीं त्याची दृष्टि लाकूड पोखरणाऱ्या एका भुंग्याच्या अळीकडे गेली. ती अळी आपल्या वांकड्या जबड्यांनीं डावीउजवीकडे लाकूड कुरतडीत आडवी-उभी सारखीच पुढें सरकत होती. त्यावरून कॉक्सनें डावा-उजवा असे आळीपाळीनें बसविलेले, रंध्याप्रमाणें ढलपी काढणारे दांते केले. आजच्या साखळ्या त्याच जातीच्या आहेत. प्रत्येक दांत्यापुढें एक लहानसा उंचवटा असतो. ढलपी किती जाड निघावी हें तो ठरवितो.

यावरून एक गोष्ट उघड होते. लाकूड एंजिन कापीत नाहीं, दांता कापतो. एंजिन केवळ दांता फिरवितें. धारदार साखळीचें लहान यंत्र बोथट साखळीच्या मोठ्या यंत्राला सहज मागें टाकतें. म्हणून पट्टीची लांबी नेहमींच्या ओंडक्याच्या जाडीहून दोन-तीन इंच अधिक असली म्हणजे पुरे. सरपणाच्या कामास १२ ते १४ इंचांची पट्टी भरपूर होते.

यंत्रांचे प्रकार तीन. तारेनें वीज घेणारें दोन हजार वॉटांच्या आसपासचें यंत्र हलकें असतें, त्यास पेट्रोल-तेलाची कटकट नसते, आणि खटका सोडला कीं तें थांबतें. घराजवळ एका जागीं ओंडके आणून कापावयाचे असतील तर घरगुती कामास हेंच उत्तम. मात्र तार जाड हवी, गळती होतांच वीज तोडणारें आरसीसीबी नांवाचें उपकरण जोडलेलें हवें, आणि ओल्या गवतावर तें कधींही चालवूं नये. दुसरा प्रकार बॅटरीचा. आवाज कमी, तारेचें बंधन नाहीं, छाटणीच्या कामास फार सोयीचा. परंतु एका भरणींत होणारें काम मर्यादित असतें, आणि बॅटरीची किंमत यंत्राच्या किमतीशीं स्पर्धा करते. तिसरें पेट्रोल-एंजिनाचें. जागा मोठी आणि वीज दूर असेल तरच तें घ्यावें, आणि तेंही ३० ते ४० सीसीच्या दरम्यानचें. कोणतेंही यंत्र घेतांना साखळी तत्काळ थांबविणारा ब्रेक, खटका चुकून दाबला जाऊं नये म्हणून असलेली कळ, तुटलेली साखळी अडविणारी आंकडी आणि हादरे शोषणारी मूठ हीं चार अंगें पाहावींत. सुटे भाग व दुरुस्ती पुण्यांत मिळते काय हेंही विचारावें. वर्षांतून एकदां मोठें झाड कापावयाचें असेल, तर यंत्रासकट जाणता माणूस मजुरीनें बोलाविणें हेंच शहाणपणाचें.

आतां तिसरा प्रश्न. आणि तो सर्वांत महत्त्वाचा आहे. कासार आंबोलीसारख्या ठिकाणीं यंत्र विकत घेणारा एक आणि चालविणारा दुसरा, अशीच स्थिति पुष्कळदां असते. घरमालक शनिवारीं यंत्र आणून ठेवतो, आणि सोमवारीं तें बागकाम पाहणाऱ्या गड्याच्या हातीं पडतें. मालकानें पुस्तिका वाचलेली असते, गड्याला ती कोणी दाखविलेली नसते. मालक शहरांत परततो आणि गडी पायांत चप्पल, अंगांत बनियन अशा वेषानें एकटाच काम करतो. दर सेकंदास वीस मीटर वेगानें फिरणारी साखळी आणि त्याची मांडी यांच्यामध्यें एका धोतराचें किंवा पायजम्याचें कापड असतें.

या यंत्राचा सर्वांत घातक गुण म्हणजे उसळी. पट्टीच्या टोंकाचा वरचा चतकोर भाग कशालाही टेकला कीं दांता लाकडांत रुततो आणि सारें यंत्र चालविणाऱ्याच्या तोंडाकडे उलटें उसळतें. हें इतक्या क्षणार्धांत घडतें कीं माणसाला सावध होण्यास अवधि मिळत नाहीं. त्यावर उपाय शिस्तीचा आहे. दोन्ही हातांनीं धरावें. डाव्या हाताचा आंगठा पुढल्या मुठीखालून घ्यावा. यंत्र खांद्याच्या वर नेऊं नये. शिडीवर किंवा झाडावर चढून चालवूं नये. पट्टीचें टोंक कशांत घुसवूं नये. आणि हांकेच्या अंतरावर दुसरें माणूस असल्याशिवाय काम सुरू करूं नये. पट्टी जितकी लांब तितकें टोंक चालविणाऱ्याच्या नजरेपासून दूर, आणि एंजिन जितकें जबर तितकी उसळी जबर. स्वस्तांत मिळणाऱ्या मोठ्या यंत्राचें हें खरें मोल आहे, आणि तें मालकाला नव्हे, गड्याला द्यावें लागतें.

म्हणून यंत्राच्या किमतींत पांच वस्तूंची किंमत धरूनच अंदाज बांधावा: जाळीचा पडदा असलेलें शिरस्त्राण, कानांचीं झांकणें, हातमोजे, पुढून टणक असे बूट, आणि साखळींत धागे गुंतवून ती थांबविणारा खास विजारीचा किंवा मांडीपट्ट्यांचा पोशाख. कानांचीं झांकणें ही चैन नव्हे. ८५ डेसिबलांच्या आवाजांत रोज आठ तास काम केलें तरी कालांतरानें बहिरेपणाचा धोका असतो. पेट्रोल-करवतीचा आवाज कानापाशीं शंभरांच्या वर जातो. या वस्तू मालकाच्या मापाच्या नव्हे, काम करणाऱ्याच्या मापाच्या घ्याव्यात. एवढा खर्च झेपत नसेल, तर यंत्राचाही खर्च झेपत नाहीं असें समजावें आणि कमान-करवतीकडे वळावें. यंत्र चालविणाऱ्यास एक सकाळ मोडून, ओंडका घोडीवर ठेवून, सावकाश शिकवावें. तो नको म्हणाला तर त्याचें नको म्हणणें ऐकावें.

उरला निगेचा विचार. साखळी बोथट झाली हें करवतीच्या भुश्यावरून कळतें. धारदार दांत्यांतून ढलप्या पडतात, बोथट दांत्यांतून पीठ पडतें आणि लाकूड धुरकटतें. अशा वेळीं यंत्रावर जोर देणें हें अपघाताला बोलावणें आहे. लहान यंत्रांच्या नेहमींच्या साखळीस ४ मिलिमीटरची गोल कानस लागते. दांत्यावर कोन दाखविणारी खूण असते, तिच्या धोरणानें कानस आंतून बाहेर, प्रत्येक दांत्यावर सारख्याच वेळां फिरवावी. ओंडका जमिनीवर ठेवून कापूं नये. साखळी एकदां मातीला लागली तर सारी धार जाते. पट्टीसाठीं तिचेंच तेल वापरावें, गाडींतलें जळकें तेल नको. पेट्रोल-यंत्राच्या इंधनांत बहुधा लिटरमागें २० मिलिलिटर टू-स्ट्रोक तेल मिसळावें लागतें, तरी पुस्तिकेंतलें प्रमाणच अखेरचें मानावें. आजच्या पेट्रोलांत इथेनॉल मिसळलेलें असतें आणि इथेनॉल हवेंतली ओल ओढून घेतें. मुळशीच्या चार महिन्यांच्या दमट हवेंत टांकींत राहिलेलें इंधन दिवाळीपर्यंत निकामी होतें आणि कार्ब्युरेटरही खराब करतें. म्हणून पावसाळ्यापूर्वीं टांकी रिकामी करून, एंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालवून, साखळीला तेल लावून यंत्र कोरड्या जागीं ठेवावें.

सारांश, कासार आंबोलीच्या आवारांत राहणाऱ्या बहुतेक घरांना एक चांगली कमान-करवत, एक कोयता आणि एक कुऱ्हाड पुरेशी आहे. ज्यांना यंत्र हवेंच, त्यांनीं तारेचें किंवा बॅटरीचें लहान यंत्र घ्यावें. पेट्रोलचें यंत्र ज्यांची जागा व काम दोन्ही मोठीं त्यांच्यासाठीं. पैसे वांचलेच तर ते एंजिनाच्या सीसींत न घालतां कानशींत, बुटांत आणि मांडीच्या संरक्षणांत घालावेत. बंबाचें पाणी अर्धा तास उशिरां तापलें तर घराचें कांहीं अडत नाहीं. तें तापविण्यासाठीं दुसऱ्याच्या घरच्या मिळवत्या माणसाचा पाय जाऊं नये, एवढी काळजी करवत निवडणाऱ्यानें दुकानाची पायरी चढण्यापूर्वींच घ्यावयाची असते.